भोकांच्या डिस्क

गुरांच्या डॉक्टरीणबाई उतारावर ब्रेक दाबायच्या तेव्हा त्यांच्या जीपचं स्टिअरिंग हातात नाचायला लागायचं. चाकं खोलल्यावर कारण कळलं. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क झिजून पातळ आणि वेड्यावाकड्या झाल्या होत्या. नव्या घेणं भागच होतं.

सुट्या भागांच्या दुकानात धाकटा दीर सोबत आला. जीपची देखभाल तोच करायचा, आणि तिला नटवायचाही तोच. काउंटरवरच्या भोकाभोकांच्या, चकाकत्या डिस्क बघून स्वारी जागच्या जागी विरघळली.

“वहिनी, ह्याच घ्या! चाकातून काय दिसतील!”

“भावजी, मी म्हशींना तपासायला जाते. म्हशी माझी चाकं तपासत नाहीत.”

“दिसण्याचं सोडा हो. भोकांमुळे डिस्क गार राहते.”

आता मात्र बाई विचारात पडल्या. लांब उतारावर ब्रेक तापतात, हे त्यांनी सोसलं होतं. पण त्यांची रोजची वाट ओढ्यातून, चिखलातून, खडीवरून जाणारी.

“चिखलात वापरलेली अशी एखादी बघायला मिळेल?” त्यांनी दुकानाच्या मालकिणीला विचारलं.

मालकिणीनं मागच्या भंगारातून एक शोधून आणली. भोकं वाळल्या चिखलानं गच्च बुजलेली, एकात खडा रुतलेला आणि दोन भोकांमध्ये बारीक तडा. बाईंनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

“पेशंट गेलेला आहे,” त्या म्हणाल्या.

मालकीण खो खो हसली. दिरानं तरी हार मानली नाही. “मग खाचा असलेल्या घेऊ. त्या चिखल पुसून काढतात.”

“काढतात, पण ब्रेकची पॅडही भराभर खातात,” मालकीण म्हणाली.

अखेर बाईंनी साध्या सपाट, पण जाड आणि पोटातून वारा खेळेल अशा डिस्क घेतल्या. जोडीला नवी पॅडही.

दिरानं त्या अंगणात फुरंगटूनच बसवल्या. सपाट रस्त्यावर हलके हलके ब्रेक मारून पॅड बसू दिली आणि मग बाईंना घेऊन ओढ्याचा उतार धरला. मधोमध एक मेंढा ठाण मांडून बसला होता. दिरानं ब्रेक दाबला. जीप सरळ रेषेत, गपगुमान थांबली. मेंढा उठलासुद्धा नाही.

“वा!” दीर ओरडला. मेंढा हाकलून त्यानं पुढे आणखी दोनदा उगाचच ब्रेक मारून बघितला.

“भावजी, तिकडे गाय अडलीय!”

गोठ्यापाशी गुराख्यानं विचारलं, “नव्या डिस्क वाटतं?”

“मग! ह्या वाटेला साध्याच लागतात,” दीर छाती काढून म्हणाला. “भोकांच्या घेणाऱ्याला काही कळत नाही.”

बाईंनी हसू दाबत बॅग उचलली आणि त्या गायीकडे वळल्या.