दाराशी ठेवलेली काठी

त्या घरातल्या दोन खोल्या माणसांना होत्या आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, लाकडाला. सुतार आणि त्याची बायको यांचा संसार असा लाकडाच्या घरात पोटभाडेकरूसारखा झाला. तो कापायचा, जोडायचा, रंधा मारायचा. ती घासायची आणि पॉलिश करायची. गिऱ्हाइकं तिला पॉलिशबाईच म्हणत. कामाबद्दल दोघांत बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्याचा हात फिरून झाला की वस्तू दाराशी भिंतीला टेकून उभी राहायची. दाराशी ठेवली म्हणजे माझं झालं, आता तुझं. मग पेन्सिलीच्या खुणांसकट सगळं घासून साफ करायचं, हे तिचं काम. घासलेली वस्तू पुन्हा दाराशी दिसली तर समजायचं की काम कच्चं राहिलंय. तसं फार क्वचित झालं होतं, आणि झालं तेव्हा पॉलिशबाई चांगली फुरंगटून बसली होती.

मोठी कामं बंद झाल्यावर सुतारानं गळाची काठी करायला घेतली. तळ्यावर बसून मासे धरायचे असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मासे धरता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी. दुकानात तयार काठ्या मिळतात, असं तिनं सुचवून पाहिलं. सुतारानं काठी विकत आणायची म्हणजे आचाऱ्यानं खानावळीत डबा लावायचा, असं तिला ऐकावं लागलं.

त्यानं सरळ रेषांची एक चिवट पट्टी निवडली. आधी चौकोनी तासली, मग कोपरे काढून आठ बाजूंची केली, मग मुठीकडे जाड नि टोकाकडे बारीक अशी गोल करत नेली. मापाला एका फळीला लहानमोठी भोकं पाडली. काठी कुठल्या भोकातून कुठवर जायला हवी, तिथं तो पेन्सिलीनं खूण करी. इतकी मोजामोज त्यानं लोकांच्या कपाटांसाठीही केली नव्हती.

त्याला कारण होतं. त्याचा थोरला भाऊही सुतारच. म्हातारपणी त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. एका खुर्चीचे पाय सारखे करायचे म्हणून तो रोज एकेक पाय थोडा कापत राहिला, इतका की शेवटी बैठक जमिनीला टेकली. घरातले सगळे बघत होते आणि मूग गिळून बसले होते. ते पाहिल्यापासून सुतारानं बायकोकडून शब्द घेतला होता.

"माझं तसं व्हायला लागलं तर तू सांगायचंस. तोंडावर. गोड बोलून झाकायचं नाही."

तिनं शब्द दिला. तेव्हा द्यायला काही लागलं नाही.

एका संध्याकाळी तो पाय मोकळे करायला गेला आणि तिला काठी दाराशी उभी दिसली. तिनं स्टूल ओढलं, पॉलिश पेपर घेतला आणि काठी गुळगुळीत करून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी काठी पुन्हा दाराशी. पॉलिशबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हातारपणी हिचा हात चालत नाही, असं म्हणायचंय की काय? तिनं जास्त खरखरीत पेपर काढला आणि रागारागानं घासली. तरी तिसऱ्या संध्याकाळी काठी आपली दाराशीच. आता तिला कळेना. आणखी काय घासायचं राहिलंय? सकाळी चहा करताना ती आतून बघायची, तर हा काठी भोकांत घालतोय, काढतोय, परत घालतोय, बोटानं खुणा शोधतोय. विचारावं असं तिला कितीदा वाटलं. पण कामातलं आजवर कधी विचारलं नव्हतं, आता विचारलं असतं तर हार मानल्यासारखं झालं असतं. काठी बारीक होत चालली आणि घरातली शांतता जाड.

शेवटी तोच बोलला. चहाचा कप तसाच ठेवून, तिच्याकडे न बघता.

"काठी झिजतेय. मी केलेल्या खुणा सकाळी नसतात. ठेवतो एकीकडे नि सकाळी सापडते टेबलावर. मीच तासतो आणि विसरतो. दादासारखं सुरू झालंय माझं."

ती आधी बघतच राहिली आणि मग तिला हसू आवरेना. काखेत कळसा नि गावाला वळसा! ती काठी आपण घासतोय, हे तिनं त्याला सांगितलं. रोज दाराशी ठेवता, मग काय करणार, असंही सुनावलं. सुताराचा जीव भांड्यात पडला. तोही हसला, त्यानं थंड चहा एका घोटात संपवला. मग कप खाली ठेवता ठेवता तो थांबला.

"पण मी दाराशी कुठं ठेवतो? भिंतीतल्या खुंट्यांवर आडवी ठेवतो रोज. उभी ठेवली तर वाकेल ना ती."

तिचं हसू जागीच विरलं. तो खोटं बोलत नव्हता, ते तिला दिसत होतं. मग चुकतंय कोण? कुणी काही न सांगता धडधाकट काठी वाखाच्या दोरीएवढी करत आणणारी ती. तिचं डोकं तरी ठिकाणावर होतं का? दिवसभर तिनं जाता-येता त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघून घेतलं. त्यांच्यावर काठी कधी पाहिल्याचं तिला आठवेना. पण आठवत नाही यावर आता विसंबायचं कसं, हेही तिला कळेना.

संध्याकाळी ती कामाच्या खोलीतच स्टुलावर बसून राहिली. सुतारानं शेवटचा हात फिरवला, भुसा फुंकला, काठी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. मग नेहमीच्या चालीनं खुंट्यांसमोरून पुढं गेला आणि काठी दाराशी टेकवून उभी केली. हात झटकून तो तिच्याकडे वळला.

"बघितलंस? खुंट्यांवर."

हो म्हणणं किती सोपं होतं. तो गेला की काठी उचलून खुंट्यांवर ठेवायची, रोज ठेवायची, कुणाला कळणार होतं?

"दाराशी ठेवलीत तुम्ही," ती म्हणाली.

त्यानं मागं वळून काठीकडे पाहिलं, मग रिकाम्या खुंट्यांकडे, मग आपल्या हाताकडे. ती उठून जवळ गेली.

"दाराशी आहे ना," तो हळूच म्हणाला, "मग तुझं काम."

तिनं काठी उचलली. ती हातात नुसत्या वजनानंच लवत होती. स्टूल त्याच्या शेजारी ओढून ती बसली, पॉलिश पेपर हातात घेतला आणि सगळ्या संसारात पहिल्यांदाच तिनं त्याला विचारलं.

"कुठं घासू आणि कुठं नको, ते सांगा."