कनातीपलीकडचं हसू

"नवऱ्याला संभाळ बाई, न्हाईतर तंबूवाली घिऊन जाईल!" ज्वारीचा डबा गिरणीच्या दारात टेकवत कस्तुराबाई ओरडली.

गिरणीत गुपित सांगायचं तरी ओरडूनच सांगावं लागतं. इंजिन धडधडत होतं, पट्टा फटफटत होता आणि ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो कोकिळेचा नवरा वैजीनाथ चार हातांवर पाठमोरा उभा राहून चिमटीत पीठ चाचपत होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पीठ नाकात जाऊ नये म्हणून तिनं तोंडावरून पदर बांधला होता, तो उगाचच आणखी आवळला.

"कोन तंबूवाली?"

"आता गं बया! सगळ्या पालम गावाला म्हाईत, अन् तुलाच न्हाई? ती छबूबाई! तंबूवाल्याची बहीन. तिकिटाच्या खिडकीवर बसती की. गड्यासारखं मनगटात घड्याळ घालती. तुझा मालक रोज पहिल्या खेळाला तिथं हजर. आमच्या ह्यांनी सोताच्या डोळ्यानं बघितलं."

"पिच्चर बघाया जात असतील."

"रोज त्योच पिच्चर? अन् त्यो बी चिनी लोकायचा? कुनाला एक अक्षर समजंना. लोकं अर्ध्यातून उठून यायलेत, अन् ह्यो बाबा येकटा शेवटपस्तोर बसून ऱ्हातोय. पिच्चरसाठी बसतोय व्हय?"

डबा घ्यायला वैजीनाथ वळला, तशी कस्तुराबाईनं त्याला हाताची दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली, म्हणजे बारीक दळ. त्यानं मान डोलावली. गिरणीतला सगळा व्यवहार असा बोटांवर चालायचा. जाड, बारीक, उद्या नेते, आत्ता नेते, सगळ्याला खुणा ठरलेल्या. त्यामुळे वैजीनाथ बोलत नाही हे गावाला कधी खटकलं नाही. खटकलं ते फक्त बायकोला, आणि तिला विचारतंय कोण!

सिनेमाचा तंबू आठवड्यापूर्वी ओढ्याच्या अंगाला लागला होता. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीनंतर दोनतीन वर्षं तो या बाजूला फिरकलाच नव्हता. आता आला, पण चुकीच्या वेळी आला, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. एसटी स्टँडच्या भिंतीवर नामांतराची घोषणा रंगवलेली होती, तिच्या शेजारी छबूबाईच्या भावानं पोस्टर चिकटवलं. हवेत उडालेला टकला म्हातारा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'तुफान हाणामारी'. पोरं धावली. पण अर्धा सिनेमा झाला तरी म्हातारा काही उडेना. दुसऱ्या दिवशी तंबूत शुकशुकाट झाला आणि त्या शुकशुकाटात वैजीनाथ जाऊन बसायला लागला.

कोकिळेचं लग्न झालं तेव्हा हा माणूस असा नव्हता. ती बोलायला लागली की तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. नणंदा चिडवायच्या आणि तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण आतून गोडही वाटायचं. पुढे गिरणी त्याच्याकडे आली आणि माणूस घुम्या झाला. दहा गोष्टी विचाराव्यात तेव्हा एकदा हुंकार मिळायचा. एकुलती एक मुलगी गंगाखेडला दिली, तिच्या पाठवणीच्या दिवशीही हा खांबासारखा उभा. "ह्यायचं लगीन गिरनीच्या दगडाशीच लागलंय," असं कोकिळा म्हणायची आणि गप्प बसायची. दगडाचा मत्सर तरी किती करणार? पण घड्याळ घालणाऱ्या बाईचा करता येतो. चांगला पोटभर करता येतो.

संध्याकाळी चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता तिनं पाठीमागे बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "रोज कुठं जायलाव?"

उत्तर नाही.

"मी काय इचारायले? कुठं जायलाव म्हनलं?"

ताटलीवर भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा आला. कोकिळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात गरम भाकरी घेऊन ती गर्रकन वळली आणि त्याच्या तोंडासमोर वाकून म्हणाली, "पिच्चर कसा हाय?"

वैजीनाथाचा चेहरा एकदम उजळला. "लय झ्याक हाय गं! लोकायला कळंना गेलाय. त्यात एक जातं हाय, ह्या दारायेवढं. म्हातारा अन् म्हातारी दोघं मिळून ओढतेत. बोलत कायबी न्हाईत. पर काय काम केलंय म्हातारीनं! तिनं असं ओढलं की त्यो असा मागं…" जेवण सोडून तो हातांनी दाखवायला लागला. कालवणात बुडवलेला घास तसाच बोटांत राहिला. "हाणामारी हाय, न्हाई असं न्हाई. पर ती आदी समजून घ्याया पायजे."

मुलीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा तो सलग इतकं बोलला नव्हता. कोकिळेनं भाकरी ताटात टाकली आणि चुलीकडे तोंड फिरवलं. छबूबाई तर छबूबाई, आता एक चिनी म्हातारीही यादीत आली.

दुसऱ्या दिवशी मारुतीला जाते असं सांगून तिनं रिकामं पोतं काखेत मारलं आणि तंबू गाठला.

खिडकीवर छबूबाई होतीच. चाळिशीची, पानानं ओठ लाल, डोक्यावर पदर नाही, मनगटात खरोखरच पुरुषी घड्याळ. कोकिळेनं तिला केसांपासून नखांपर्यंत पाहून घेतलं. दिसायला काही विशेष नव्हती, आणि हे बघून तिला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच राग आला. भांडायचं ते मुद्देमालासकट धरून भांडायचं, असं ठरवून ती आत शिरली.

तंबूच्या मधोमध कनात लावलेली. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, पडदा दोघांना एकच. बायकांच्या बाजूला कोकिळा आणि शेंगा सोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या, बास. तिनं पोतं अगदी कनातीला खेटून अंथरलं. पलीकडचा माणूस दिसत नव्हता, पण कान तिचे शाबूत होते. खिडकीवरची बाई उठून कनातीपलीकडे गेली, की कोकिळा उठणार होती.

सिनेमा सुरू झाला. डोंगरावरचं एक गाव, धुकं, आणि ते भलंमोठं जातं. त्याला बैलगाडीच्या जुवाएवढा लाकडी दांडा. एका टोकाला म्हातारा, दुसऱ्या टोकाला म्हातारी. भिजवलेले कसले तरी दाणे घालायचे आणि ओढायचं. दिवस उजाडतो, मावळतो, पाऊस येतो, दोघं ओढताहेत.

"आरं, हाणामारी लाव की!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. कुणी शिटी मारली. थोड्या वेळानं चपला फटफटवत माणसं उठून गेल्याचा आवाज आला. इकडच्या म्हाताऱ्याही शेंगा संपल्यावर निघून गेल्या.

पडद्यावर म्हातारा दांडा धरल्या धरल्या पेंगायला लागला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, भिजले दाणे मूठभर उचलले आणि फाडकन त्याच्या टकलावर हाणले. म्हातारा दचकला आणि झोपलोच नव्हतो अशा थाटात डबल जोरानं ओढायला लागला.

कनातीपलीकडे कुणीतरी हसलं. पोटातून, खदखदून, लहान पोरासारखं.

कोकिळा जागच्या जागी थिजली. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हशीनं सासऱ्यांचं धोतर चघळलं, तेव्हा गोठ्यामागे लपून हा असाच हसला होता. त्यानंतर ते हसू गेलं कुठं, हे तिला कधी कळलं नव्हतं. ते इथं होतं. तंबूत, अंधारात, एका परक्या म्हातारीसाठी राखून ठेवलेलं. छबूबाई राहिली बाजूलाच. पडद्यावरच्या त्या सुरकुतलेल्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं कोकिळेला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

मग गुंड आले. कुणा सावकाराचे असावेत, त्यांना ते जातं हवं होतं. आता दोघं उडणार, असं तिला वाटलं. पण कुणी उडालं नाही. त्यांनी नुसता जात्याचा दांडा उपसला आणि दोन टोकांना धरला. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सोडायचं, दुसऱ्यानं रेटलं की पहिल्यानं वाट द्यायची. बस्स, एवढंच. गुंड मध्ये सापडत होते आणि ज्वारीच्या धांड्यांसारखे आडवे होत होते. दोघं एकमेकांना हाक मारत नव्हती की खुणावत नव्हती. नुसती एकमेकांकडे बघत होती.

कोकिळा माहेरी भावजयीसमोर जात्यावर बसलेली बाई होती. कुठल्या क्षणी ओढायचं आणि कुठल्या क्षणी हात सैल सोडायचा, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. मांडीवर ठेवलेला तिचा हात आपोआप पुढेमागे व्हायला लागला. हाणामारी आधी समजून घ्यावी लागते म्हणाला होता तो. तिला समजली. मेल्यानं खरंच चांगला सिनेमा शोधला होता आणि एकट्यानं बघत होता, याचा तिला नव्यानं राग आला.

शेवटी म्हातारा मेला. सकाळी म्हातारी एकटीच जात्याशी आली. तिनं दांडा अर्ध्या फेऱ्यापर्यंत ओढला आणि सवयीनं हात सैल सोडून थांबली. पलीकडून कुणी ओढलं नाही. ती थांबूनच राहिली, आणि सिनेमा संपला.

कनातीपलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

वैजीनाथ निघून जाईपर्यंत कोकिळा आतच बसली. बाहेर आली तर समोर छबूबाई, हातात टॉवेल. तो टॉवेल कोकिळेनं लगेच ओळखला.

"ओ ताई! तुमी गिरनीवाल्याच्या ना? गिरनीत बघितलंय तुमाला. ह्यो घिऊन जावा."

"तुमच्यापाशी कसा आला?" कोकिळेचा आवाज चढला.

"कसा म्हंजी? काल बसल्या जागी इसरले. मागून हाका मारून मारून माझा घसा बसला. आजबी समोरून गेले, हाका मारल्या, पर त्यायला ऐकू कुठं येतंय?"

"इंजिनाच्या आवाजात बसतेत. तंद्री ऱ्हाती तशी."

छबूबाई हसली, पण वाईट हसली नाही. "तंद्री न्हाई वो ताई, कान गेलेत त्यायचे. माझा मालक बी तंबूचं जनरेटर चालवून चालवून असाच झाला हुता. मी तर पैल्याच दिवशी वळखलं, तरी सवयीनं हाका मारतेच. बोलताना तोंडाकडं बघत ऱ्हातेत. समोर उभं ऱ्हाऊन, ओठ दिसतील असं बोललं की समदं बराबर कळतंय बघा. म्हनून तर ह्यो पिच्चर आवडला त्यायला. हिंदी पिच्चरला समदे हसतेत अन् ह्ये मागं ऱ्हातेत. हितं समदेच बहिरे." मग ती जराशी चाचरली. "तुमी घरच्या. तुमाला मी काय सांगावं!"

"म्हाईत हाय मला," कोकिळा म्हणाली आणि तिच्या हातातून टॉवेल ओढून घेतला.

घरची वाट तिला सरता सरेना. पहिल्याच दिवशी! या बाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि आपण? सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर तोंडावर पदर. गिरणीत पिठासाठी पदर. चुलीपुढे त्याच्याकडे पाठ. बोलायचं ते सगळं आपण कापडाला नाहीतर भिंतीला बोललो, आणि घुम्या ठरला तो. त्यानं तरी का सांगू नये? बहिऱ्या गिरणीवाल्याला लोक हसतील म्हणून? बायको हसेल म्हणून? छबूबाईचा तिला इतका राग कधीच आला नव्हता. नवरा पळवला असता तर गावाला सांगून रडता तरी आलं असतं. हिनं जे पळवलं होतं ते सांगायचीही सोय नव्हती.

घरी तो खाटेवर बसला होता. बोलून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण त्यानं इतकी वर्षं जिवापाड झाकलेलं आपण एका झटक्यात उघडं करायचं, हे तिच्यानं झालं नाही. तिनं टॉवेल खुंटीला अडकवला. त्यानं टॉवेलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

प्रेक्षक नाहीत म्हणून तंबू लवकरच उठला. त्या दिवशी गिरणी बंद होती, दगडाला टाकी लावायची होती. पीठ जाड यायला लागलं की दगडाच्या खाचा छिन्नीनं पुन्हा कोराव्या लागतात. वैजीनाथ रस्त्याकडे पाठ करून अंगणात बसला होता आणि टक टक करत दगड कोरत होता. कोकिळा चहा घेऊन आली. दगडाची पूड उडत होती, तोंडावर पदर होताच. रोजच्यासारखी ती मागून हाक मारणार होती, तेवढ्यात थांबली. वळसा घालून त्याच्या समोर आली, उकिडवी बसली आणि पदर तोंडावरून खाली ओढला.

"च्या घ्या. साखर जरा कमी पडलीय."

त्यानं वर पाहिलं. कपाकडे नाही, तिच्या ओठांकडे. "असू दे की," तो म्हणाला.

पहिल्याच हाकेला उत्तर! कोकिळेला नव्या नवरीसारखं लाजल्यासारखं झालं.

"दगड लय झिजला काय?" तिनं आपलं काहीतरी विचारलं.

"झिजला. पर अजून चालंल." त्यानं कप घेतला. "पूड जाईल की तोंडात."

"जाऊ द्या."

तेवढ्यात तंबूचा ट्रक रस्त्यानं आला. बांबूंवर, कनातींच्या वळकट्यांवर छबूबाई बसली होती. गिरणी दिसताच ती अर्धी उठली आणि हात उंच करून ओरडली, "ओ गिरनीवाले! निघालो बरं का आमी! पुढल्या साली बी त्योच पिच्चर आनते तुमच्यासाठी!"

समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. उन्हात तिचं घड्याळ चमकलं. वैजीनाथ चहावर फुंकर घालत होता. पण कोकिळेची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली त्याला दिसली.

"कोन हाय?" त्यानं विचारलं आणि तो मागे वळायला लागला.

"कोन न्हाई," कोकिळा म्हणाली. ओठ नीट, सावकाश हलवून. "हिकडं बघा. च्या गार व्हायलाय."

तो वळता वळता थांबला. ट्रक पालमच्या बाहेर जाईपर्यंत ती त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली, आणि दगडाची पूड उडत होती तरी तिनं पदर काही तोंडावर ओढला नाही.