कोपऱ्यातले गुलाबी बदाम

खजिनदारताईंना यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. पैसा नव्हे. उलट पदरचेच जाणार होते. ताई दिवसभर चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असत. गिऱ्हाइकाला त्या म्हणत, "ही फ्रेम तुम्हाला मोठी होतेय," आणि गिऱ्हाईक तीच फ्रेम घेऊन जाई. मालक त्यांना नावानं हाक मारत नसे, "अहो काउंटर" म्हणे. पण संध्याकाळी त्यांनी मला भाड्यानं घेतलं, की काचेच्या इमारतीतली एक अख्खी कंपनी खिडकीशी येऊन त्यांचा शब्द वाचायची. मिळकत एवढीच. पण माणसं याहून कमी मिळकतीसाठी याहून मोठी पापं करतात.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीवरचा नव्हे, ट्रकच्या पाठीवर उभा केलेला, बारीक बारीक दिव्यांचा. कारखान्यात माझे चौकोन एकमेकांना जोडले, मागे तारांचं जंजाळ भरलं आणि मला ड्रायव्हरकाकांच्या हवाली केलं. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. गाद्यांचा सेल दाखवला. दातांच्या दवाखान्याची जाहिरात दाखवली. गाद्या मऊ दिसायच्या, दात पांढरे दिसायचे, आणि माझ्यामुळे कुणाची झोप उडायची नाही.

मग माझ्या नशिबी चाहते आले.

त्याचं असं झालं. आमच्या भागातल्या एका कंपनीनं के-पॉपच्या, म्हणजे कोरियन नाचगाण्यांच्या, साच्यात पाच मुलींचा गट घडवला होता. तशीच गाणी, तसाच नाच, तसेच केसांचे रंग. त्यांच्या चाहत्यांमध्ये पद्धत होती की काही म्हणायचं असलं तर वर्गणी काढायची, पडद्याचा ट्रक भाड्यानं घ्यायचा आणि कंपनीच्या दारात उभा करायचा. मजकूर काय असावा यावर सगळ्या वर्गणीदारांचं फोनवर मतदान व्हायचं. ज्या वाक्याला जास्त मतं, ते वाक्य माझ्या अंगावर. वर्गणी खजिनदारताईंकडे, म्हणून त्यांचं ते नाव.

मतांना तोटा नव्हता. माझ्या चाकाला टेकून ही मंडळी तासन्‌तास मतं मांडत. एक म्हणे, "हल्लीची गाणी दोन मिनिटांची. दूध उतू जायच्या आत संपतात." दुसरी म्हणे, "आणि नाच बसवतात तो फोनवरच्या तुकड्यापुरता. पुढचं नाचायचं कुणी, आम्ही?" तिसरा म्हणे, "एकच अल्बम सहा खोक्यांत विकतात. आतलं फोटोचं कार्ड वेगळं असतं ना, मग सहाही घ्यावे लागतात." असं म्हणून तो सहा खोकी बगलेत मारूनच उभा असे. आणि सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर. या पोरी गात नाहीत, टेप लावून ओठ हलवतात.

यातली निम्मीअधिक मतं खरी होती, मित्रांनो. खोट्या मतांवर मी इतका चिडलो नसतो. मत खरं होतं आणि ते एका पोरीच्या गळ्यातून वसूल केलं, म्हणून चिडलोय.

त्या पोरीला सगळे शेंडेफळ म्हणत. पाच जणींत ती धाकटी. माझं चाहत्यांकडचं पहिलं काम तिच्या वाढदिवसाचं होतं. 'आमचं शेंडेफळ, आमची लेक, शेवटपर्यंत तुझ्याबरोबर!' अशी अक्षरं, तिचा हसरा चेहरा आणि चारी कोपऱ्यांत तरंगणारे, पत्त्यांत असतात तसे गुलाबी बदाम. ते बदाम ड्रायव्हरकाकांनी स्वतः बसवले होते. मजकूर भरायचं काम त्यांचंच.

दुपारी शेंडेफळ टोपी घालून, तोंडाला मास्क लावून रस्त्याच्या पलीकडे आली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग काकांना विचारलं, "काका, माझं नाक एवढं मोठं आहे?"

"पडदा मोठा आहे गं," काका म्हणाले. "नाक मापातच आहे."

ती खळखळून हसली. तिच्याबरोबर तिची आई होती. आईचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं, आणि वाफेनं तिच्या हातांची कातडी सुकवलेल्या कपड्यासारखी झाली होती. ती काकांना सांगत होती, "भाऊ, ही गायला शिकली ती माझ्या इस्त्रीपाशी. वाफेचा फुस्स आवाज आला की त्याच्यावर हिचं गुणगुणणं सुरू. गिऱ्हाइकं शर्ट मिळाला तरी हलायची नाहीत." मग तिनं पदराच्या टोकानं माझ्या चौकटीवरची धूळ पुसली. मला आजवर पुष्कळांनी धुतलं असेल. पुसलं तिनं एकटीनं.

दुसरं काम आलं ते रागाचं. खजिनदारताईंनी आणलेला मजकूर होता, 'ओठ हलवणं बंद करा. टेप बंद करा. खरा आवाज ऐकवा!' मला मजकूर आवडला होता, हे कबूल. गाणाऱ्यानं गावं, यात चुकीचं काय? खिडक्यांत डोकी दिसली. शेवटी टायवाले साहेब खाली आले. कंपनीत ते काय काम करत मला ठाऊक नाही. टाय मात्र रोज वेगळा असे. ते माझ्यासमोर उभे राहून हसले. ते हसू मी गाद्यांच्या सेलमध्ये पाहिलं होतं, गिऱ्हाइकानं स्वतःहून महागाची गादी मागितली की दुकानदार हसतो तसं.

दोन दिवसांत कंपनीनं जाहीर केलं, पुढच्या कार्यक्रमात टेप नाही, सगळं खरं. तिकिटं हातोहात संपली. चाहत्यांनी माझ्यापुढे उड्या मारल्या. खजिनदारताईंना कुणीतरी खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडली. तरी ताई उठल्या त्या हसतच. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या शब्दानं काही हललं ते तेव्हाच.

आणि दुसऱ्याच दिवशी शेंडेफळाची आई आली. हातात डॉक्टरांचा कागद. ती सरळ ताईंपाशी गेली.

"ताई, हिचा घसा पार बसलाय. सराव, शूटिंग, रोज चाहत्यांना आवाजात निरोप पाठवायचे, सगळं एकाच गळ्यावर. डॉक्टर म्हणतात महिनाभर तोंड उघडू नको, नाहीतर आवाज कायमचा जाईल. कंपनी माझं ऐकत नाही. म्हणते, चाहत्यांचीच मागणी आहे. तुमचं ऐकते ना? तुमच्या पडद्यावर एवढंच लिहा, कार्यक्रम पुढे ढकला."

ताईंनी कागद वाचला. दोनदा वाचला, मी वरून बघत होतो. मग म्हणाल्या, "काकू, आमचा जीव आहे हो तिच्यावर. पण घसा बसला हे कारण प्रत्येक कंपनी देते. टेप लावायची असली की घसा बसतो. लोक म्हणतील, आम्हीच फितूर झालो."

"मी कंपनी आहे का? मी आई आहे."

"मला कळतंय. पण मजकुरावर मतदान झालंय, काकू. मी एकटी कशी बदलू?"

"मग पुन्हा घ्या मतदान. कागद दाखवा त्यांना."

"बघते," ताई म्हणाल्या.

'बघते' म्हणजे काय, हे मोठ्या माणसांना बरोबर कळतं. आईनं कागदाची घडी घातली आणि ती गेली. मतदान झालं नाही. कागदाबद्दल ताईंनी कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर खांद्यावरून पुन्हा काउंटरमागे उतरावं लागलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कंपनीनंच मला भाड्यानं घेऊन नाट्यगृहाबाहेर उभं केलं होतं. ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांना आतलं माझ्यावर दिसणार होतं. गाणं सुरू झालं. चौघींनी आपापल्या ओळी गायल्या. मग ती उंच तान आली. ती शेंडेफळाची. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि तान वर चढता चढता मधेच फाटली. इस्त्री करताना जुनं कापड टर्रकन जातं ना, तशी. माझ्या कर्ण्यांतून तो आवाज चौकभर गेला.

पण नंतर काय झालं ते ऐका, कारण ते कुणीच ऐकलं नाही. तिनं डोळे उघडले आणि उरलेल्या सगळ्या ओळी खालच्या सुरात, खरखरत्या आवाजात, एकही शब्द न सोडता पूर्ण केल्या. मी दाखवत होतो. समोरची माणसं मात्र माना खाली घालून फोनवर तो फाटलेला तुकडाच कापत बसली होती. गाणं संपायच्या आत तो तुकडा जगभर फिरला. दोन मिनिटांचं गाणं लहान वाटतं म्हणणाऱ्यांना त्यातलं एवढंसं पुरलं!

चाहत्यांचं तिसरं काम त्याच आठवड्यात आलं. तेच वर्गणीदार, तीच ताई. या वेळचा मजकूर, 'गाता येत नाही त्यांनी जागा अडवू नये. शेंडेफळ, बाहेर पड!' भरघोस मतांनी मंजूर. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि टाळाही दुसऱ्याचा.

ड्रायव्हरकाका मजकूर भरताना थांबले. "ताई, तिची आई तुमच्याकडे येऊन गेली होती ना?"

"काका, मी सगळ्यांच्या मतानं चालते. माझं एकटीचं काय आहे यात?"

वा! उड्या मारताना शब्द ताईंचा होता, आता तो सगळ्यांचा झाला. काकांनी मान हलवली आणि किल्ली फिरवली. त्यांनाही घर होतं. घाईत त्यांनी वाढदिवसाचाच जुना साचा घेऊन त्यात नवी अक्षरं टाकली. त्यामुळे 'बाहेर पड'च्या चारी बाजूंनी गुलाबी बदाम तरंगत राहिले. काकांच्या ते उशिरा लक्षात आलं. "काढतो थांबा," ते म्हणाले.

ताईंनी वर बघितलं. "असू देत. आपण प्रेमानंच सांगतोय."

मित्रांनो, माणसाला पाठ फिरवता येते, पडद्याला येत नाही. मी दिवसभर तसाच पेटलेला उभा होतो. दुपारी तिची आई आली. जिथे वाढदिवसाला उभी होती तिथेच उभी राहिली आणि मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मजकूर फिरून पुन्हा सुरू झाला, तोही वाचला. मग ताईंकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुम्ही म्हणालात खरा आवाज ऐकवा. तिच्याकडे तेव्हा जो खरा होता, तो तिनं ऐकवला. आता आणखी काय हवंय?"

ताई फोनमध्ये बघत राहिल्या.

थोड्या दिवसांनी कंपनीनं कळवलं की शेंडेफळ प्रकृतीच्या कारणानं गट सोडत आहे. 'घसा' हा शब्द तेव्हा प्रथमच कंपनीच्या तोंडी आला. लगेच निरोपाचा खास अल्बम निघाला. सहा खोकी, प्रत्येकात शेंडेफळाचं वेगळं कार्ड. आणि माझं चौथं काम काय असेल, ओळखा. 'कंपनी निर्दयी! आमच्या लेकीला परत आणा!' तेच वर्गणीदार! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अंगावर वागवल्या आहेत. बदाम या वेळी मुद्दाम ठेवले होते. शोभतात म्हणे.

या खेपेला ट्रक गावभर फिरवायचा होता. फिरता फिरता आम्ही एका अरुंद रस्त्यावर आलो आणि पुढे सामान उतरवणारा टेम्पो आडवा असल्यामुळे थांबलो. शेजारी इस्त्रीचं दुकान होतं. आत शेंडेफळ उभी होती. केस पुन्हा काळे. ती शर्टाची बाही पसरून इस्त्री फिरवत होती, आणि माझा गुलाबी उजेड तिच्या पांढऱ्या शर्टांच्या ढिगावर पडला होता. ती बाहेर आली. माझ्यावरचं सगळं वाचलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर दगड मारेल. मारला असता तर मला बरंच वाटलं असतं.

ती काकांच्या खिडकीशी गेली आणि घोगऱ्या, कुजबुजल्यासारख्या आवाजात म्हणाली, "काका, हा उजेड जरा बंद करता? शर्टावरचे डाग दिसत नाहीत."

काकांनी बटण दाबलं. मी विझलो. इतक्या वर्षांत माझ्या विझण्यानं कुणाची सोय झाल्याचं मला आठवत नाही.

आता माझे बरेच दिवे गेलेत. एका कोपऱ्यातला बदाम अर्धाच लागतो. काका म्हणतात, लवकरच भंगारात जाशील. जाईन. जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. ज्याच्यावर जीव आहे म्हणता, त्याच्या जिवाला काय होतंय, हे आधी बघा. आणि हात वर करून मत देताना लक्षात ठेवा, गर्दीत हात दिसत नाही, पण धक्का लागतो.

बाकी हिशोब सरळ आहे. निरोपाचा अल्बम संपला, कंपनी खूश. टायवाले साहेबांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खजिनदारताईंना कंपनीनं आत बोलावलं, 'चाहत्यांच्या प्रतिनिधी' असं कार्ड गळ्यात घातलं. आता मालकही त्यांना नावानं हाक मारतो. काकांना भाडं मिळालं. वर्गणीदारांनी वर्गणी दिली आणि ते दुसऱ्या गटाकडे गेले, तिथेही एक धाकटी आहे.

आणि त्या दुकानात इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज येतो, नुसताच. त्याच्यावर पूर्वी गुणगुणणं असायचं. ते यांपैकी कुणालाच मिळालं नाही. शेंडेफळाकडून मात्र गेलं.