साच्यातला चेहरा

भाची आठ दिवस शाळेत गेली नव्हती. कारण एवढंच, की वर्गातल्या कुणीतरी तिचा बाजूने काढलेला फोटो ग्रुपवर टाकला होता आणि त्यात तिचं नाक जसं आहे तसं दिसत होतं. स्वतःचे फोटो ती दिवसाला चाळीस काढायची, पण टाकण्याआधी प्रत्येकात नाक बारीक करून घ्यायची. दोन वर्षांत ते बारीक नाकच तिचं होऊन बसलं होतं. आता ‘मग ती फोटोतली कोण?’ असं सगळे विचारत होते.

आईने हात टेकले, तेव्हा मावशीने तिला आपल्या कारखान्यात ओढून आणलं. मावशी नाटकांसाठी मुखवटे बनवायची.

“मला एक चेहरा हवाय. वीस मिनिटं गप्प पडायचं.”

“फोन हातात ठेवणार.”

“ठेव की. डोळे तर मिटलेलेच असणार!”

तोंडाला मलम चोपडून मावशीने प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावायला घेतल्या. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. “भुवई जरी हलली तरी तडा जाईल. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि शिव्या खाशील त्या वेगळ्या.”

फोन थरथरला. भाचीचा जीव वरखाली झाला. पुन्हा थरथरला. काय लिहिलं असेल? पण हलायची सोय नव्हती. तेवढ्यात प्लास्टर गरम व्हायला लागलं. आधी कपाळ, मग गाल, मग ओठांच्या कडा. ऊब जिथे पोहोचेल तिथे तिला कळत गेलं, की इथे आपण आहोत. फोन कधी थांबला ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

“आता तोंड वेडंवाकडं कर. लाजू नकोस, बघायला मीच आहे.”

साचा चपकन सुटला. मावशीने त्याची पोकळ बाजू तिच्यापुढे धरली. आत नुसता खड्डा, तरी त्यातून एक चेहरा पुढे येऊन तिच्याकडे बघत होता. ती डावीकडे सरकली, तोही वळला. ती वाकली, त्यानेही मान खाली घातली.

“मावशी, हा… हा बघतोय गं!”

“तीस वर्षं झाली, माझ्या अंगावर अजून काटा येतो.” मावशीचाही आवाज खाली आला होता.

साच्यात प्लास्टर ओतलं, ते घट्ट झालं आणि पांढराफेक चेहरा टेबलावर आला. पापण्यांच्या रेघा, हनुवटीवरचा बारीक वण, आणि मधोमध नाक. भाचीने त्यावरून बोट फिरवलं. दुसरा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला. तोच उंचवटा, तोच उतार. श्वास रोखून ती दोन्ही नाकं चाचपत राहिली.

मावशीने कानस उचलली. “सरक. मुखवटा कुणालाही शोभायला हवा, म्हणून नाक सगळ्यांचंच थोडं घासून उतरवतो आम्ही.”

भाचीने तिचं मनगट घट्ट धरलं.

“अगं, मग हा शोभणार कुणाला?”

“मला.”

मावशीने कानस खाली ठेवली.