साडूच्या टीव्हीला लावलेली फूटपट्टी

गोल

मिरजगावच्या यशया गुरुजींच्या पोटात दुखायला लागलं ते नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर एका सकाळी, समोरच्या किराणा दुकानातल्या फोनवर.

फोन साडूचा होता. जॉयचा. बायकोच्या, रोझीच्या धाकट्या बहिणीचा, एंजेलाचा नवरा. नगरला सावेडीत राहणारा, एमआयडीसीत सुपरवायझर.

"दादा, टीव्ही घेतला. फ्लॅट."

"आमच्याकडंही आहे की टीव्ही."

"तसला नाही. तुमचा गोल. हा सपाट. अगदी भिंतीसारखा. म्हणून म्हटलं, यंदा नाताळचं जेवण आमच्याकडं करू. आईंना विचारलंय मी. त्या हो म्हणाल्या."

सासूबाईंना आधी विचारलं. थोरल्या जावयाला मागून कळवलं.

यशया घरी आला आणि आपल्या टीव्हीसमोर उभा राहिला. टीव्ही बंद होता. फुगीर काचेत सगळी खोली दिसत होती, आणि तिच्या मधोमध तो स्वतः. डोकं बारीक, पोट मोठं. इतकी वर्षं हे ध्यान काचेत होतंच. आजच दिसलं.

रीत

सासरे गेले तेव्हा एक गोष्ट घालून देऊन गेले होते. नाताळच्या जेवणाला दोन्ही मुलींची घरं एकत्र जमायची, आणि जेवणाआधीची प्रार्थना थोरल्या जावयानं करायची. घर कुणाचंही असो. आजवर घरही यशयाचंच होतं.

यशयाची प्रार्थना म्हणजे साधी गोष्ट नव्हती. डिसेंबर लागला की सायकलवरून शाळेत जाताना तो ती मनात घोळवायचा. शेवटाकडं एक ओळ होती, "आमच्यातली एक जागा रिकामी आहे, ती तू ओळखतोस." त्या ओळीला सासूबाईंचा, लंकाबाईंचा पदर नाकाशी जायचा. डोळे मिटलेले असले तरी यशयाला पदरात नाक ओढल्याचा तो आवाज ऐकू यायचा, आणि त्या एका आवाजावर तो पुढचं वर्ष काढायचा. कारण एरवी लंकाबाई त्याला "गुरुजी" म्हणायच्या. जॉयला मात्र "जॉय". कधी कधी "बाळा".

आज जेवण नेलं. उद्या प्रार्थनाही नेईल.

जाहिरात

सपाट. अगदी भिंतीसारखा.

(वर्गात फळ्यावर आयत काढताना.)

सपाट. अगदी भिंतीसारखा.

(ताटात भाकरी पडताना.)

तीन काचा

"घ्यायचा असंल तर नीट बघून घ्या गुरुजी," दुकानदार श्रीमंत म्हणाला. नगरमधल्या त्याच्या दुकानात फळीवर तीन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. तिन्हींवर बातम्या देणारी एकच बाई.

"ह्यो गोल. तुमच्याकडं हाय तसा. कोपरे कापलेले. हिच्या खांद्याकडं बघा, वाकल्यागत दिसतंय का न्हाई?"

"दिसतंय."

"ह्यो मधला फ्लॅट स्क्वेअर. कोपरे चौकोनी केलेत, पण काच अजून फुगीरच. कमी फुगीर, एवढंच. आन् ह्यो तिसरा फुल्ल फ्लॅट."

यशया तिसऱ्यासमोर थांबला. बाई सरळ होती. मागची खिडकी सरळ होती. ट्यूबलाइट पहिल्या काचेवर धनुष्यासारखी वाकत होती; इथं ती काठीसारखी पडली होती.

"ह्यात खोट काहीच नाही?"

श्रीमंतनं मान तिरकी केली. "असं इचारनारं गिऱ्हाईक पयलंच. हाय की. एका जातीत पांढऱ्या चित्रावर केसाएवढी आडवी रेघ दिसते. आत तारा असतात, त्यांना धरून ठेवायला आडवी तार लावलेली, तिची सावली. दुसऱ्या जातीत काच भायेरून सपाट पन आतून गोल. मग चित्र मधी जरा दबल्यागत वाटतं. पन ह्ये लोकांच्या डोळ्याला कळत न्हाई."

"आणि फसवाफसवी?"

"ती लई. फ्लॅट स्क्वेअरच घरी न्हेत्यात अन् गावभर फ्लॅट म्हनून सांगत्यात. खोक्यावर फ्लॅट छापलेलं असतंय ना. बायकापोरं खूश, पाव्हनं खूश."

यशयानं आवाज खाली आणला. 

"ओळखायचं कसं?"

"लई सोपं. पट्टी लावा काचंला. मधी टेकली आन् टोकाला फट राहिली, की फसला म्हनायचं."

"देऊ का मग ह्यो?" श्रीमंतनं विचारलं.

"नाताळ होऊ द्या," यशया म्हणाला. "मग ठरवतो."

ठरवायचं एवढंच होतं. जॉय फसला असेल, तर आपण खरा सपाट घ्यायचा आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना मिरजगावला बोलवायचं. आणि फसला नसेल तर? त्या 'तर'चा विचार यशयानं केला नव्हता. करायची इच्छाच नव्हती.

बाही

"स्वेटरच्या बाहीत काय घातलंय?"

"काही नाही."

"अहो, हात वाकत नाही तुमचा. पोलीस पाटलासारखे चाललाय."

"पट्टी आहे."

"नाताळला? कुणाला मारायची?" रोझी हसायला लागली. मग तिचं हसू थांबलं. "देवा. तुम्ही त्याचा टीव्ही मोजणार."

"मोजणार नाही. नुसती टेकवून बघणार."

"कधी? आईसमोर? एंजेलासमोर?"

कधी ते त्यानं ठरवलं होतं. वर्षातला एकच क्षण असा असतो, जेव्हा त्या घरातला एकूण एक माणूस डोळे मिटून बसतो.

प्रार्थना

"सलाम, दादा! या, या." जॉयनं दारातच हात हातात घेतला. बाहेर कागदी चांदणी, आत मटणाचा वास, आणि समोर तो. काळा, रुंद, भिंतीला पाठ लावून बसलेला. त्यावर चर्चमधली गाणी चालू होती आणि लंकाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर नातू घेऊन.

"गुरुजी, आलासा? बसा. जॉय, बाळा, जरा मोठा कर आवाज."

बाळा.

पानं मांडली. जॉयनं टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही इथं उभे राहा. टीव्हीपाशी. सगळ्यांना ऐकू जाईल."

देवच सोय करत होता, असं यशयाला वाटलं. माना खाली गेल्या. डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, आजच्या या आनंदाच्या दिवशी..."

यशयानं डोळे उघडले.

"...तू आम्हा सर्वांना एका छपराखाली आणलंस..."

पट्टी बाहीतून तळहातात उतरली. शाळेची, लाकडी, कडा झिजलेली.

"...या घरावर, या घरातल्या माणसांवर तुझा वरदहस्त असू दे..."

एक पाऊल मागं. अर्धं वळण. आवाज मात्र सर्वांकडं.

"...जे तू आम्हाला दिलंस त्यात आम्ही समाधानी असावं..."

पट्टी काचेला लागली. नुकत्याच बंद केलेल्या टीव्हीच्या काचेनं चुरचुर आवाज केला आणि मनगटावरचे केस उभे राहिले. यशयानं वाकून टोकाकडं पाहिलं. फट नव्हती. दुसऱ्या टोकाला पाहिलं. नव्हती. पट्टी तिरकी केली, कोपऱ्यापासून कोपऱ्याकडं. काच आणि लाकूड यांच्यात उजेडाची रेघसुद्धा शिरत नव्हती.

"...दुसऱ्याच्या... दुसऱ्याच्या सुखात आम्ही..."

तेव्हा त्याला काचेत माणसं दिसली. काळ्या सपाट काचेत, जशीच्या तशी, कुणाचं डोकं बारीक नाही की पोट मोठं नाही. लंकाबाई, मिटलेले डोळे. रोझी, घट्ट मिटलेले. एंजेला, पोरं. आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीशी, उघडे डोळे.

जॉय त्याच्याकडंच बघत होता. रागानं नाही. त्याचे ओठ हलत होते. यशयाचा प्रत्येक शब्द तो आवाज न करता म्हणत होता. यशया अडला तसा तो अडला नाही, पुढं गेला. म्हणजे ही प्रार्थना त्याला तोंडपाठ होती. म्हणजे कैक वर्षं, मिरजगावच्या घरात खाली बसून, हा माणूस डोळे उघडे ठेवून थोरल्या जावयाच्या तोंडाकडं बघत आला होता. जसं यशया आज त्याच्या टीव्हीकडं बघत होता.

यशयाला पुढची ओळ आठवेना.

कुणीतरी खाकरलं. नातवानं विचारलं, "आमेन झालं?"

आणि मग मागून, हळू, जॉयचा आवाज आला.

"...दुसऱ्याच्या सुखात आम्हाला आनंद मानता यावा. आमच्यातली..."

तो थांबला. यशया त्या ठिकाणी कधीच थांबत नसे. पदराचा आवाज कधी येतो याची त्याला घाई असायची. जॉय थांबला, आणि एवढ्या माणसांच्या खोलीत खरोखर एक जागा रिकामी झाल्यासारखं वाटलं.

"...एक जागा रिकामी आहे. ती तू ओळखतोस."

लंकाबाई रडल्या. नुसता पदर नाही, खांदे हलले.

आमेन

"जॉय, बाळा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचंच बोलनं ऐकल्यागत झालं रं. पुढच्या सालापासनं तूच करत जा." मग यशयाकडं वळून, अगदी मायेनं, "गुरुजी, तुमाला दम लागला का? लई उभं ऱ्हायलं तुमी. बसा, बसा."

यशया बसला. पट्टी बाहीत परत गेली होती; कशी ते त्याला कळलं नाही.

"दाजी, मटण घ्या," एंजेला म्हणाली.

रस्सा वाढायला जॉय स्वतः आला. पानावर वाकला, आणि फक्त यशयाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बसली का पट्टी, दादा?"

"बसली."

"मी दुकानातच लावून बघितली होती." त्यानं आणखी एक पळी वाढली. "अजून घ्या. लाजू नका."

परत

परतीच्या एसटीत रोझी खिडकीशी बसायची, पण आज तिनं ती जागा नवऱ्याला दिली. गावं मागं पडत होती. ती म्हणाली,

"मग? सपाट होता?"

"होता."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"म्हणजे आता घ्यायचा का आपण?"

"कशाला? कोण येणार आहे बघायला?"

"आणि प्रार्थना? चांगली केली ना जॉयनं?"

"माझी होती ती."

"ते मला माहीत आहे हो. चांगली केली का, विचारलं."

यशयानं खिडकीकडं तोंड फिरवलं. बाहेर ज्वारीची रानं पळत होती आणि त्यांच्यावर, धुळकट काचेत, त्याचा चेहरा. दात आवळलेला. जॉयनं केली त्याहून चांगली आपण करू शकतो, हे निदान स्वतःला तरी दाखवावं म्हणून त्यानं मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात केली. स्वर्गीय पिता झाला, छप्पर झालं, समाधान झालं. ओठ भराभर हलत होते.

"आमच्यातली," तो पुटपुटला.

आणि थांबला. जॉय थांबला होता, तेवढाच.