आईच्या गाडीचा पंप

"काका, गाडीले इलेक्ट्रिक वॉटर पंप लावला, तर तिचं तापणं बंद होते का?"

हा प्रश्न मी सौंसरच्या बसस्टँडमागे, चिंधूकाकांच्या गॅरेजात, सात-आठ माणसांसमोर विचारला. मोठ्यानं. आवाज दबला तर हरलीस, अशी माझ्या मैत्रिणी धनश्री आणि श्रुतीची अट होती. दोघी समोरच्या चहाटपरीआडून पाहत होत्या.

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "बापाले पाठव ना बाई. गाडीचं बोलणं हाय."

"गाडी माही आई चालवते. तिले पाठवू का?"

तो कपातल्या चहाकडे पाहू लागला.

आईची जुनी मारुती आहे. आई मोहगावच्या शाळेत शिकवते आणि गेल्या वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, गाडी शिकली. पण दिवाळीनंतर गाडी तापायला लागली. दोनदा तर मोहगावच्या रस्त्यावर वाफा सोडत उभी राहिली. माझा आत्तेभाऊ मयूरदादा नागपूरला इंजिनीअरिंग करतो. त्यानं फोनवरच निकाल दिला: इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप थकला, तो काढून बॅटरीवरचा लावू. रविवारी पंप घेऊन येतो, पाइप कापून बसवतो. बाबांनी त्यापुढचंही ठरवून टाकलं. तरीही तापली तर गाडी विकायची आणि आईनं पुन्हा बसनं जायचं.

आईनं बसच्या वेळा विचारून घेतल्या. तेच मला खटकलं.

चिंधूकाकांनी हात पुसले. "पंप पाणी फिरवते, पोरी. थंड करते ते समोरून येणारी हवा. हवा आत जाते का, ते पाहिलं कोणी?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

आमचं घर कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भिंतीला लागून. हंगाम सुरू झाला की रुई उडत येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, कधी वरणातसुद्धा. गाडीच्या टपावरची रुई आई रोज झटकते. इतकी सवय झालीये की आम्हाला ती दिसतच नाही.

दोघींना घेऊन घरी आले, बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरला आणि श्रुतीला समोर वाकवलं.

"दिसते का उजेड?"

"टॉर्च लाव ना आधी."

"लावलेलाच हाय बे."

समोरची जाळी काढली. रुई आणि धुळीचा थर गोधडीसारखा सलग निघाला. राहिलेलं मागून पाइपनं पाणी मारून धुतलं. तिघी भिजलो.

शनिवारी मी आईसोबत मोहगावला गेले. परतताना संत्र्यांच्या ट्रकांमागे वीस मिनिटं अडकलो. इंजिन चालू, तापमानाचा काटा मधोमध. आई सारखी काट्याकडेच बघत होती.

"रस्ता पाह्य ना आई."

"पाहून राहिली," ती म्हणाली, आणि हसली.

रविवारी दादा पंपाचा डबा घेऊन आला. मी सगळं सांगितलं.

"रुई काढली, चांगलं केलं," तो म्हणाला. "पण पंप लावूनच टाकू. अकरावीतल्या पोरीले काय समजते त्यातलं?"

बाबा म्हणाले, "आणलाच हाय त्यानं, तर लावू दे."

आई हळूच म्हणाली, "जाऊ दे. त्याले वाईट वाटन."

दादानं पाइप कापायची पाती काढली. मी बॉनेट बंद केलं आणि वर चढून बसले.

"उतर खाली," बाबा म्हणाले.

"दादा, पहिले सांग. जुना पंप गळून राहिला का?"

"नाही."

"आवाज करून राहिला?"

"नाही, पण कधी ना कधी..."

"मंग तवाच पाहू."

दादा बाबांकडे पाहू लागला, बाबा आईकडे. मी पाय बंपरवर घट्ट दाबून धरले.

"आई, बाबा, मी ठरवलं हाय. या पाइपले कोणी हात लावणार नाही. जिनिंग चालू हाय तोवर दर रविवारी जाळी मी धुईन. अन् उद्या आई याच गाडीनं मोहगावले जाईल."