चौगुल्यांचं गोड डांबर

भूपाळ चौगुले साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं उसाच्या रसाची गोडी मोजत होते. १९९६ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरच्या न्हाणीघरात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. अंघोळ कुठं करायची, असं बायकोनं, म्हणजे सीताबाईंनी, विचारलं. भूपाळराव म्हणाले, "विज्ञानासाठी माणसांनी काय काय सोसलंय, तुला कल्पना न्हाय."

"मग सोसा की," म्हणून सीताबाईंनी बंब परसात नेऊन ठेवला. तेव्हापासून भूपाळराव चादरीच्या आडोशाला अंघोळ करू लागले.

त्यांचा सगळा जीव मळीत अडकला होता. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जी काळी, चिकट, गोडसर रबडी उरते, ती मळी. त्यांचं ठाम मत होतं, की मळीत अजून लई ताकद आहे, फक्त ती बाहेर काढणारा माणूस भेटायला पाहिजे. तो माणूस आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पहिला शोध डिझेलचा. मळी, चुना आणि रिठ्याचं पाणी आटवून त्यांनी एक अर्क काढला. लिटरभर डिझेलला चार चमचे अर्क, की इंजिन दीडपट चालणार. इंजिन मिळालं मेहुण्याचं. सम्मेद कोडोलीत शेती करायचा. स्वभावानं भिडस्त, त्यामुळं दाजींना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

पहिली दहा मिनिटं पाण्याचं इंजिन असं पळालं, की सम्मेदनं टोपी हवेत उडवली. अकराव्या मिनिटाला ते खोकलं. बाराव्या मिनिटाला रानात गुऱ्हाळाचा वास सुटला. तेराव्या मिनिटाला इंजिन जे बसलं, ते पिराजी मिस्त्री येईपर्यंत हललं नाही.

पिराजीनं इंजिन उघडलं आणि आत बघून कपाळाला हात लावला. "चौगुले, इंजनाला काकवी पाजलीसा काय?"

आत सगळीकडं काळं लुकण बसलं होतं. पिराजीनं रॉकेल वापरलं, पेट्रोल वापरलं, छिन्नी घातली. लुकण ढिम्म. संध्याकाळी घाम पुसत तो वैतागून म्हणाला, "ह्ये इंजनात कशाला घालतासा? रस्त्याच्या डांबरात घाला. सात पिढ्या उखडायचा न्हाय."

सम्मेदचं तोंड पडलं होतं, पण भूपाळरावांचे डोळे चमकले. परतीच्या एस.टी.त ते एकटेच हसत होते. शेजारचा माणूस दोनदा जागा बदलून बसला.

चौगुले राहायचे ती सन्मती कॉलनी कोल्हापूरच्या कडेला, पस्तीस घरांची. आतला रस्ता कॉलनीचाच, खाजगी. फाटकापाशी उतार, आणि त्या उतारावर दर पावसाळ्यात गुडघाभर खड्डे. कॉलनीचे अध्यक्ष शिवमूर्तीअण्णा. लोखंडी सामानाचं दुकान, आणि आवाज असा, की दुकानात बसून हाक मारली तर घरी चहा टाकला जायचा. भूपाळरावांनी मिटिंगमध्ये आपली योजना मांडली तेव्हा अण्णा म्हणाले, "गुळाचा रस्ता? चौगुले, तब्येत बरी हाय न्हवं?"

पण खड्ड्यांना सगळेच कावले होते. शेवटी फाटकापासून चाळीस फूट रस्ता प्रयोगाला द्यायचं ठरलं.

एप्रिलमध्ये काम झालं. डांबर तापवलं, त्यात अर्क ओतला, खडी कालवली, पसरली, धुमस घालून चोपली. रस्ता काळा कुळकुळीत आणि आरशासारखा सपाट झाला. लोक मुद्दाम स्कूटर परत फिरवून त्यावरनं जाऊन आले. अण्णांनी सगळ्यांसमोर भूपाळरावांच्या पाठीत थाप मारली. ती दोन दिवस दुखत होती, पण दुखण्यातही सुख होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सीताबाई बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला निघाल्या. चौगुले जैन, सीताबाई तर नेमाधर्माच्या पक्क्या, पाणी गाळल्याशिवाय घोट न घेणाऱ्या. फाटकापाशी त्या थबकल्या. रस्ता हलत होता. खाली वाकून बघितलं तर मुंग्या. पस्तीस घरांच्या पस्तीस बागांतनं रांगा लावून आलेल्या. मधोमध स्कूटरच्या चाकाची पट्टी, आणि त्या पट्टीत मेलेल्या मुंग्या.

त्या तशाच घरी परतल्या. भूपाळराव चहा पीत होते.

"अहो, काय करून ठेवलासा ह्ये? मुंग्यांची स्मशानभूमी केलासा!"

"मुंग्या आल्या?" भूपाळरावांना पहिल्यांदा आनंदच झाला. "म्हणजे गोडी टिकली की!"

सीताबाईंनी त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली. "ऐका. त्या रस्त्यावर एक बी मुंगी मरतीया, तोवर ह्या घरात साखर न्हाय, गूळ न्हाय, पोळी न्हाय, खीर न्हाय. तुमचा चहा बी तसाच."

भूपाळरावांचं सगळं आयुष्य गोडात गेलेलं. ते तडक न्हाणीघरात शिरले.

सीताबाई मऊ झाडू घेऊन फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणाची गाडी आली की हात आडवा. आधी मुंग्या हलक्या हातानं कडेला सारायच्या, मग वाट द्यायची. शिवमूर्तीअण्णांना दुकान उघडायला उशीर झाला.

"अक्का, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"गिऱ्हाइकाला बोलून सांगता येतंय अण्णा. मुंगीला येत न्हाय."

अण्णांनी स्कूटर बंद केली आणि वाट मोकळी होईपर्यंत ते उभे राहिले.

मुंग्या कमी होत्या म्हणून की काय, दुपारी कृष्णात गवळ्याच्या म्हशी आल्या. रोज त्या पलीकडच्या वाटेनं जायच्या. त्या दिवशी पुढची म्हैस थांबली, नाक वर केलं, फाटकातनं आत आली आणि रस्ता चाटू लागली. मागनं बाकीच्या सात. कृष्णातनं शेपट्या पिरगाळल्या, शिव्या दिल्या, काठी मोडली. दोन तास कॉलनीत कुणाला येता येईना की जाता येईना. दुसऱ्या दिवशी मात्र कृष्णात स्वतःच म्हशी घेऊन फाटकापाशी हजर. "चौगुलेकाका, काल तांब्याभर दूध ज्यादा दिलं की हिनं! जरा चाटू द्या."

इकडं भूपाळराव बिनसाखरेचा चहा पिऊन न्हाणीघरात झटत होते. मुंगी मारायची नाही, फक्त वळवायची. हळद घालून बघितली, कापूर घातला, हिंग घातला. हिंगानं मुंग्या तासभर गेल्या आणि पाहुण्यांना घेऊन परत आल्या. शेवटी राधानगरीकडनं तेल विकायला येणारी बायडाबाई दारात उभी राहिली. करंजाचं तेल, जनावराच्या अंगाला चोळतात, दिव्याला घालतात. कडू जहर, आणि वास असा, की नाक पदरात धरावं.

"गोचीड पळतंय ह्यानं," ती म्हणाली. "मुंगीची काय कथा!"

भूपाळरावांनी करंजाचं तेल घालून नवं डांबर तापवलं आणि जुन्या थरावर नवा थर दिला. प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली: किती डांबर, किती अर्क, किती तेल. संध्याकाळी सगळे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मुंग्यांची रांग आली. पहिली मुंगी काठाशी थबकली, मिशा हलवल्या आणि मागं वळली. तिच्या मागं सगळी पलटण वळली. सीताबाईंनी तिथंच हात जोडले. दुसऱ्या दिवशी घरात खीर झाली. भूपाळरावांनी तीन वाट्या खाल्ल्या.

म्हशींनीही तोंड फिरवलं. कृष्णात आठवडाभर बोलला नाही. आणि वास! पंधरा दिवस कॉलनीनं खिडक्या उघडल्या नाहीत. "मुंग्या गेल्या," अण्णा म्हणाले, "आता माणसं बी जातील."

वास हळूहळू गेला, पण रस्ता राहिला. त्या साली पंचगंगेला दोनदा पूर आला. कॉलनीतला बाकीचा रस्ता उखडून खडी गटारात गेली, आणि फाटकापासचे चाळीस फूट जसेच्या तसे. पुढच्या साली तसेच. त्याच्या पुढच्या साली अण्णांनी स्वतः रस्ते बांधणारे एक इंजिनिअर ओळखीनं बोलावून आणले. त्यांनी रस्त्याचा तुकडा कापायचं यंत्र लावलं. यंत्र दोन इंच आत गेलं आणि तिथंच अडकलं. ते काढायला सहा माणसं आणि अख्खी दुपार लागली.

इंजिनिअर घाम पुसत म्हणाले, "तेलाचं प्रमाण काय?"

भूपाळराव ऐटीत वही घेऊन आले. "शेकडा तीन."

त्या प्रमाणानं इंजिनिअरनी आपल्या आवारात पट्टा टाकला. महिन्याभरात त्याचा भुगा झाला. पुन्हा टाकला, पुन्हा भुगा. भूपाळरावांना जेवण गोड लागेना. वही चुकीची कशी असेल? अठ्ठावीस वर्षांत त्यांची नोंद कधी चुकली नव्हती.

सीताबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या तीन टक्क्यानं मुंग्या वळत नव्हत्या. तुम्ही धुमस आणायला गेलतासा, तवा मी काडी बुडवून कागदावर थेंब लावून बघितला. मुंगी सरळ चढून गेली. मग मी आणखी तेल ओतलं."

"किती ओतलंस?"

"मुंगी परत फिरस्तोवर."

भूपाळरावांनी वही मिटली. राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मग ते हसायला लागले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पेटंटचा अर्ज अण्णांच्या मुलीनं, शिवांजलीनं लिहिला. ती नुकतीच वकील झाली होती. तेलाच्या प्रमाणाच्या रकान्यात तिनं 'मुंगी परत फिरस्तोवर' हेच जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. मुंबईहून पत्र आलं: मुंगी हे मोजमाप मान्य नाही. मग सगळे एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. प्राध्यापकांनी वेगवेगळ्या प्रमाणाच्या आठ वड्या पाडल्या. सीताबाईंनी डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यातनं मुंग्या नेल्या होत्या, सोबत त्यांना खायला रवा. मुंग्या सातव्या वडीवरनं वळल्या. दाबयंत्रात सगळ्यात उशिरा फुटली तीही सातवीच. "योगायोग," प्राध्यापक म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करून बघितलं. परत सातवीच.

"शोध लावणाऱ्याचं नाव?" शिवांजलीनं पेन उघडलं.

भूपाळरावांनी घसा साफ केला. हा क्षण त्यांनी किती वेळा मनात रंगवला होता. "पयलं तिचं लिही," ते म्हणाले. "दुसरं माझं."

"शिक्षण, काकू?"

"सातवी. आठवीत गणित राहिलं."

२००३ साली पेटंट मिळालं, आणि त्याच उन्हाळ्यात पन्हाळ्याकडं जाणाऱ्या एका फाट्यावर अर्धा किलोमीटर रस्ता करायला मिळाला. डांबराचा बॉयलर धगधगत होता. इंजिनिअर पुढं आले, सीताबाईंना नमस्कार केला, आणि मजुरांकडं वळून म्हणाले, "ह्या बाई सांगतील तसं ओतायचं." मग मागं उभ्या असलेल्या भूपाळरावांकडं बोट केलं. "हे बाईंचे मिस्टर."

भूपाळरावांनी सगळ्यांना हात जोडले, तेलाचा डबा उचलला आणि ते बाईंच्या मागनं बॉयलरकडं चालू लागले.